पाळणाघराची जमीन

क्योतोच्या उत्तर टोकाला, जिथून बस वळून परत फिरते तिथे, हिरोसेबाईंचं पाळणाघर होतं. घर साठ वर्षांचं, सगळं लाकडी, आणि हिवाळ्यात इतकं गार की सोळा पोरं दोन-दोन मोजे चढवून बदकांसारखी चालायची. मागच्या थंडीत एका चिमुरडीचा हात रॉकेलच्या स्टोव्हला लागून पोळला, तेव्हा वॉर्ड ऑफिसने सांगून टाकलं की यंदा स्टोव्ह चालणार नाही. सोमवारी, दोन डिसेंबरला सकाळी दहा वाजता तिथले साहेब येऊन जमिनीवर थर्मामीटर ठेवणार होते. वीस अंश भरले तर ठीक. नाही भरले तर पाळणाघर मार्चपर्यंत बंद, आणि पोरांची रवानगी चार दिशांच्या चार पाळणाघरांत.

ही जमीन तापवायचं काम क्षिप्रा आगाशेने अंगावर घेतलं होतं. खरं तर ओढवूनच घेतलं होतं. पुण्यातला मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि तीन वर्षांची जपानी भाषा एवढ्या शिदोरीवर ती एका छोट्या कंपनीत ड्रॉइंग काढायचं पार्टटाइम काम करत होती. नवरा नचिकेत युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होता, म्हणजे काचेच्या नळ्या हलवत होता. कंपनीचं काम नव्या इमारतींचं होतं: काँक्रीटवर थर्मोकोलचे तक्ते अंथरायचे, त्यावर गरम पाण्याचे पाइप, त्यावर फरशी, की झालं. हिरोसेबाईंचा फोन आला तेव्हा मालक म्हणाले, जुनी घरं आपण करत नाही. क्षिप्रा म्हणाली, "मी करते." तोंडातून निघून गेलं ते निघून गेलं. मालकांनी तिच्याबरोबर ओओकी-सानांना दिलं; 'सान' म्हणजे इथलं 'जी'. हे सत्तरीचे सुतार, कपाळाला कायमची आठी. पहिल्याच दिवशी त्यांनी सुनावलं, "जुन्या घराच्या पोटाखालून वारा वाहतो. वाऱ्याला ऊब देणं म्हणजे नदीला चहा पाजणं."

तरी काम झालं. जुन्या फळ्या काढल्या, खालच्या आडव्या लाकडांच्या मध्ये थर्मोकोलचे जाड तक्ते बसवले, वर पाइप टाकले, वर नव्या फळ्या ठोकल्या. पाइपांत दाब भरून पाहिला, थेंबभरही गळती नाही. शनिवारी सकाळी पोरं घरी असताना बॉयलर चालू केला आणि दोन तासांनी क्षिप्राने जमिनीवर हात फिरवला. दाराकडची बाजू झकास तापली होती. उत्तरेकडची, पोरं दुपारी झोपतात ती बाजू मात्र कुठे कोमट, कुठे थंडगार. थर्मामीटर चौदावर अडकला होता.

हिरोसेबाईंनी आकडा पाहिला. त्यांनी चहा आणून ठेवला, वाकून नमस्कार केला आणि आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं क्षिप्राला वाटलं. बाईंनी आठवडाभर पोरांच्या आयांना सांगितलं होतं की यंदा पोरं अनवाणी खेळतील. आता हे कोणाच्या तोंडाने फिरवायचं?

"फळ्या उखडायच्या," ओओकी-सान म्हणाले. "उत्तरेकडून सुरुवात. चार दिवस."

"चार दिवस आहेत कुठे, ओओकी-सान? परवा साहेब येताहेत."

"मग साहेबांना सांगा."

क्षिप्राला राग आला की तो नेहमी फरशीवर निघायचा. लग्नाआधी आईशी भांडण झालं की ती स्वयंपाकघर पुसून काढायची, लग्नानंतर नचिकेतशी झालं की अख्खं घर. तिने मोरीतून बादली भरून आणली, फडकं बुडवलं, अर्धवटच पिळलं आणि उकिडवी बसून मागे मागे सरकत सपासप जमीन पुसायला लागली. शहाबादी फरशीवर वाढलेला हात, त्याला पाण्याची काटकसर ठाऊक नव्हती. जपानात फडकं असं पिळतात की त्यातून थेंब मागायचीही सोय राहत नाही. ओओकी-सानांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"क्षिप्रा-सान, ते लाकूड आहे. भातशेती नाही."

तिने ऐकलं नाही. भिंतीपर्यंत पोचली, पाठ टेकली आणि रडू आवरत बसून राहिली. डोळ्यांसमोर ओली जमीन चकाकत होती. हळूहळू ती वाळायला लागली. आधी दाराजवळ, मग मधे, मग उत्तरेकडेही पट्ट्यापट्ट्यांनी. पण काही तुकडे वाळेनात. ते वेडेवाकडे नव्हते. दीड वीत रुंद, दोन हात लांब, फूटपट्टीने आखल्यासारखे आयत. तिने मोजले. सात होते.

क्षिप्रा ताडकन उठली. पोरांच्या फळ्याजवळचा खडू उचलला आणि प्रत्येक ओल्या आयताभोवती रेघ ओढली.

"ओओकी-सान, हे माप कसलं आहे?"

म्हातारा गुडघ्यावर बसला. वितीने एक आयत मोजला. "थर्मोकोलचा तक्ता," तो सावकाश म्हणाला.

"खाली पडलेत. सात तक्ते खाली पडलेत. पाइपांतून ऊब येतेय आणि तिथून थेट वाऱ्याला जातेय. पण पडले कसे?"

ओओकी-सानांनी मान खाली घातली. "तुमच्या ड्रॉइंगमध्ये सगळ्या लाकडांत सारखं अंतर होतं. मी तक्ते त्या मापाने कापले. इथली लाकडं हाताने तासलेली. कुठे अंतर कमी, कुठे जास्त. काही तक्ते सैल बसत होते."

"मग बोलला का नाहीत?"

"ड्रॉइंगवर कंपनीचा शिक्का होता."

पुण्यातल्या कुठल्याही मिस्त्रीने पहिल्याच तक्त्याला 'मॅडम, हे बसत नाही हो' म्हणून गल्ली गोळा केली असती. क्षिप्रा त्या आरडाओरड्याच्या भरवशावर होती आणि इथे माणसं कागदाचा मान राखून गप्प बसतात, हे तिला जपानातल्या दोन वर्षांत कळायला हवं होतं. त्याहून वाईट म्हणजे तिने खाली उतरून मोजलंच नव्हतं. नव्या इमारतीचं माप जुन्या घरावर डोळे मिटून डकवलं होतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुमची नाही. आता सांगा, हे घर जमिनीपासून किती वर आहे?"

"दगडांवर उभं आहे. दीड हात, कुठे दोन."

"म्हणजे माणूस रांगत जाऊ शकतो."

ओओकी-सानांनी तिच्याकडे असं पाहिलं जणू ती आत्ताच दारातून आत आली होती. नव्या इमारतीत फरशीखाली काँक्रीट. तिथे फोडण्यावाचून गत्यंतर नसतं. इथे ज्या पोकळीला दोघं महिनाभर शिव्या घालत होती, तीच आता वाट झाली होती. एक फळीही उखडायला लागणार नव्हती.

क्षिप्राने नचिकेतला फोन केला. "जुनी पँट घालून ये. आणि टॉर्च घेऊन ये."

"अगं, माझं रीडिंग चालू आहे."

"नळ्या कुठे पळून जात नाहीत. सोळा पोरांचा प्रश्न आहे. निघ."

स्वयंपाकघराच्या जमिनीत लोणच्यांच्या बरण्या ठेवायच्या खड्ड्याचं झाकण होतं. नचिकेत आल्यावर ते उघडून दोघं नवराबायको खाली उतरली. खाली मातीचा वास, कोळ्यांची जाळी आणि कानाला झोंबणारा वारा. टॉर्चच्या उजेडात सातही तक्ते मातीत पालथे पडलेले दिसले. क्षिप्रा उताणी झाली, टेप लावला आणि एकेका जागेचं माप ओरडून सांगायला लागली. "एकतीस. चौतीस. साडेएकोणतीस." वर झाकणाशी बसलेले ओओकी-सान माप परत म्हणायचे, तक्ता कापायचे आणि खाली सोडायचे. प्रत्येक तक्ता त्याच्या जागेसाठी कापलेला, दाबून बसवलेला, खालून पातळ पट्टी ठोकलेली. बाकीचे तक्तेही तिने सोडले नाहीत. एकेकाला पट्टी मारली.

"मी पीएच.डी.ला अमेरिकेत गेलो असतो तर?" नचिकेत डोळ्यांतली माती पुसत म्हणाला.

"तर तिथल्या घराखाली असतास. टॉर्च सरळ धर."

शनिवार गेला, रविवारही संध्याकाळपर्यंत गेला. शेवटची पट्टी ठोकून दोघं बाहेर आली तेव्हा हिरोसेबाईंनी ओळखलंच नाही कोण कुठलं. मग त्यांनी ओला टॉवेल आणला आणि क्षिप्राचं तोंड स्वतः पुसलं, एखाद्या पोराचं पुसावं तसं. क्षिप्राला तेव्हा मात्र रडू आवरलं नाही.

सोमवारी सकाळी ओओकी-सान तिच्याआधी आले होते. त्यांनी बादली भरून ठेवली होती आणि फडकंही. अर्धवट पिळलेलं. क्षिप्राने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जमीन पुसली आणि हिरोसेबाईंसह तिघं उभी राहून पाहत राहिली. पाणी सगळीकडून एकसारखं उडून गेलं. एकही आयत मागे राहिला नाही.

दहाला साहेब आले. गंभीर माणूस, हातात फाइल. त्यांनी थर्मामीटर नेमका उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवला. तेवढ्या वेळात पोरं आत घुसली, मोजे कुठेतरी भिरकावले गेले आणि एक दहा महिन्यांचं बाळ रांगत जाऊन थर्मामीटरशेजारीच पोटावर आडवं झालं. त्याला तिथून हलवायला कोणी तयार होईना, म्हणून साहेबांनीच वाकून आकडा वाचला. बावीस. त्यांनी खात्रीसाठी हात टेकवला. टेकवला तो बराच वेळ उचललाच नाही. मग फाइलवर शिक्का मारला आणि हिरोसेबाईंनी तोंडावर पदर घ्यावा तसा ॲप्रन घेतला.

निघताना दारात बूट घालता घालता साहेब थबकले. आवाज खाली आणून म्हणाले, "माझी आई नारा शहरात एकटी असते. घर याच्याहून जुनं आहे. तीन कंपन्यांनी सांगितलं, जुन्या घरात हे होत नाही."

क्षिप्रा तोंड उघडणार तोच मागून ओओकी-सानांचा आवाज आला.

"होतं," ते म्हणाले. "पण कागद नंतर. आधी आम्ही दोघं खाली उतरून मोजणार."