वीस ओळी लॅटिन

“थांब, थांब! हे कुठून आलं?” नाटककार गिल्बर्ट स्ट्रँग ओरडला, तसा टेबलावर उभा राहून लॅटिन म्हणणारा विदूषक बार्नबी थबकला.

“माझ्या कागदावर आहे ते म्हणतोय, बाबा. जीभ मोडून निघाली माझी!”

थेम्सकाठच्या त्या नाटकगृहात अख्खं नाटक कुणाच्या हाती देत नसत. ज्याला त्याला त्याच्यापुरते संवाद. ते उतरवून द्यायचं काम हम्फ्री पेलचं. सोळा वर्षं तो तेच करत होता. मान वाकली, डोळे अधू झाले, पण हातून अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं. कालपर्यंत.

तालमीतला हा प्रवेश केंब्रिज विद्यापीठात घडणारा होता. नव्या विद्यार्थ्याने भर जेवणघरात टेबलावर चढून लॅटिन म्हणायचं, चुकला की मीठ कालवलेली बिअर ढोसायची, ही तिथली रीत. नाटकातला विद्यार्थी गरीब. श्रीमंत पोरांना वाढायचा आणि त्यांचं उरलंसुरलं खायचा. तो विसरतो, रडतो, बिअर पितो आणि ओकतो. वाचताक्षणी हम्फ्रीने स्वतःला ओळखलं. त्या दिवशी मीठ गिल्बर्टनेच कालवलं होतं.

“हम्फ्री, अरे, तो विसरतो!” गिल्बर्ट वैतागला. “म्हणून तर लोक हसणार. वीस ओळी घडाघडा म्हणाला तर गंमत काय राहिली?”

“विसरला नव्हता, साहेब. सगळ्या म्हटल्या होत्या. तरी पाजली त्याला.”

“तुला काय ठाऊक? तू होतास तिथे?”

“टेबलावर मीच होतो.”

गिल्बर्टने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्याला काहीही आठवलं नाही.

“असशील बाबा. पुष्कळांना पाजली आम्ही.” तो हसला. “पण दुपारी खेळ आहे. खोड ते.”

हम्फ्रीला संताप यायला हवा होता. आला तो नुसता थकवा. इतकी वर्षं जे उरात बाळगलं, ते या माणसाने कधीच टाकून दिलं होतं.

बार्नबी टेबलावरून उतरला आणि त्याने कागद पुढे केला. “कळलं नाही रे काही,” तो हळूच म्हणाला, “पण म्हणताना बरं वाटत होतं.”

हम्फ्री पायरीवर बसला, लेखणी शाईत बुडवली. एकेक ओळ ओठांतल्या ओठांत म्हणून मगच तो खोडत होता. विसाव्या ओळीपर्यंत तो कुठेही अडला नाही.