जिभेची पारख

"बैल आडवा उभा राहिला तरी चालेल, गिऱ्हाईक आडवं जाता कामा नये," असं दणदणीत आवाजाचा नगारा नेहमी म्हणायचा. पण त्या दिवशी भर बाजारात बैलाचे दात वाखाणताना त्याच्या तोंडून ‘थात’ निघालं. गिऱ्हाईक खो खो हसलं. "नगारा फुटला की काय रे?"

नगाराही हसला. जीभ मात्र विस्तवावर ठेवल्यासारखी पेटली होती.

जनावरांच्या दलालीत त्याची भागीदारी होती बायकोच्या थोरल्या भावाशी. त्या मेव्हण्याला सगळे पारखी म्हणत. पारखी जनावराचा जबडा उघडून बघायचा, नगारा बोलायचा. पारख्याला चार माणसांत धड दोन वाक्यं जुळवता येत नसत; नगाऱ्याला दातांवरून वय कळत नसे. बोलणाऱ्याचे हुलगेही विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, तेव्हा एकाचं दुसऱ्यावाचून अडलेलंच होतं. कायदा एकच. जनावरात खोट दिसली की पारख्यानं जोडीदाराच्या पायावर हळूच पाय द्यायचा आणि तोंड शिवून घ्यायचं. सौदा होईपर्यंत खोट नव्हतीच!

जीभ चुरचुरायला लागली ती पेरणीच्या आधी. तेव्हा नगारा उन्हात तोंड वासून उभा राहिला होता. "बघा हो मेव्हणे, काय आलंय?"

पारख्यानं जीभ बोटांनी बाजूला ओढून निवांत बघितलं. "काही नाही दाजी. दाढ घासतेय. मध लावा. आणि डॉक्टरकडे जाऊ नका, हत्यार लागलं की असलं पसरतं."

बायको म्हणाली, "तरी दाखवून या ना."

"तुझा दादा जनावराच्या तोंडात बघून त्याच्या आईचं वय सांगतो. तुझा डॉक्टर सांगेल?"

झालं. तंबाखूची गोळी डाव्या गालातून उजव्या गालात गेली, एवढाच काय तो उपचार.

कापणी सरली तेव्हा जबड्याखाली गाठ हाताला लागायला लागली, भाकरीचा घास गिळवेना. मग बायकोनं ऐकलं नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं. बहीण एकटी कशी जाईल, म्हणून पारखीही निघाला. डॉक्टरीणबाईंनी जिभेचा बारीक तुकडा तपासायला घेतला आणि पुढच्या खेपेला तिघांना समोर बसवलं.

"जिभेचा कॅन्सर आहे. मानेतल्या गाठीत उतरलाय. अर्धी जीभ काढावी लागेल, हाताचं मांस लावून ती जागा भरू. मग किरणांचे शेक. घाबरू नका, बरे व्हायची आशा चांगली आहे. गिळायला शिकवू, बोलायलाही शिकवू."

"पहिल्यासारखं बोलेन?" नगाऱ्यानं विचारलं.

बाई म्हणाल्या, "घरच्यांना कळेल इतपत."

बाजारात घरची माणसं नसतात. नगाऱ्यानं मान खाली घातली.

"सुरुवातीला कसं होतं? आठवतंय?" बाईंनी विचारलं.

नगाऱ्याला काय ठाऊक! स्वतःची जीभ कोणाला दिसते? पण पारख्याला कोणी जबड्याचं विचारलं की त्याचं तोंड आपोआप सुटायचं. जन्माची खोड.

"डावीकडे, मागच्या दाढेला लागून," तो म्हणाला. "पांढरा चट्टा, मसुरीएवढा. मध्ये लाल ठिपका, कडा दगडासारखी. आमच्या वडलांनाही असाच आला होता, त्यातच गेले ते."

बोलून झालं आणि त्याचा जबडा तसाच उघडा राहिला.

"पंधरा दिवसांत न भरणारा चट्टा दाखवायलाच हवा," बाई हळूच म्हणाल्या. "तेव्हा आला असतात तर नखाएवढा तुकडा काढून भागलं असतं. आणि हत्यारानं कॅन्सर पसरत नाही. थांबल्यानं पसरतो."

"दादा!" बहिणीचा आवाज चिरकला. "तू बघितलं होतंस?"

"हंगाम तोंडावर होता गं. दाजी इथं निजले असते तर बाजारात बोललं कोण असतं? म्हणलं, एवढा हंगाम निघू दे..."

"माझ्या कुंकवावर हंगाम काढलास?"

मेव्हण्यानं केसानं गळा कापला होता, पण नगाऱ्याला सलत होतं ते वेगळंच. बैलाची खोट दिसली तरी हा पायावर पाय देतो. माझ्या वेळी तेवढंही नाही. म्हणजे या सौद्यात मी जोडीदार नव्हतोच. दावणीला होतो.

ऑपरेशनच्या सकाळी पारखी खाटेजवळ येऊन उभा राहिला. "दाजी, शिव्या द्या. काहीही बोला. आज बोलता येतंय तोवर बोला."

नगाऱ्यानं बोटानं खूण केली. आ करा.

पारखी गडबडला. तोही तंबाखूवालाच. त्यानं तोंड उघडलं. नगाऱ्यानं त्याची जीभ धरून उजेडाकडे वळवली, डावी बाजू बघितली, उजवी बघितली, पुन्हा डावी बघितली. डाग नव्हता. मग जबडा मिटवला आणि उशीवर डोकं टेकलं.

"काय आहे? दाजी! डावीकडे दोनदा का बघितलंत?"

नगाऱ्यानं बायकोकडे मान वळवली. "म्हशीला वेळेवर पाणी दाखव," तो म्हणाला. अख्ख्या जिभेनं बोललेलं ते शेवटचं वाक्य.

खाट आत गेली. पारखी दाराशी उभा राहून जिभेनं जीभ चाचपत राहिला. मग बहिणीची नजर चुकवत गेला आणि तपासणीच्या रांगेत शेवटी उभा राहिला.