धुतलेली वाळू

शाळेच्या प्रयोगशाळेतले मदतनीस, म्हणजे सगळ्यांचे मामा, मांडीवर कागद घेऊन पलंगाजवळच्या स्टुलावर बसले होते. पलंगावर रसायनशास्त्राच्या बाई. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. उजव्या डोळ्याची आशा डॉक्टरांनी कालच सोडली होती.

"लिहा मामा, मुख्याध्यापकांना. आणि मुंग्या काढू नका, त्यांना वाचता आलं पाहिजे."

"चाळिशीनंतर अक्षराला वळण लागत नाही, बाई."

बाई हसायला गेल्या. गालावरची भाजलेली कातडी ओढली गेली, तशा थांबल्या.

"मॅग्नेशियमची भुकटी मी जास्त घेतली असणार. चूक माझी आहे. मी राजीनामा देत आहे."

मामांचं पेन 'भुकटी'पाशीच अडलं.

भुकटी जास्त नव्हती. वजन करताना मामा शेजारीच उभे होते. मॅग्नेशियमने तांब्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन हिसकावून घेतला, लख्ख उजेड पडला, मुलांनी टाळ्या पिटल्या, सगळं दरवर्षीसारखंच. फक्त एक ठिणगी उडून उरलेल्या भुकटीच्या बशीत पडली. तेही निभावलं असतं. पेटत्या मॅग्नेशियमवर पाणी नाही, कोरडी वाळू टाकायची, हे बाईंच्या अंगवळणी पडलेलं. त्यांनी झटकन बादली उचलून वाळू ओतली आणि पांढरा जाळ थेट तोंडावर आला.

आदल्या दिवशी घरी जाता जाता बाई म्हणाल्या होत्या, "मामा, वाळूत खडूचे तुकडे पडलेत, तेवढी साफ करून ठेवा." दुसरा कुणी चाळून मोकळा झाला असता. मामांना स्वच्छतेचं वेड. त्यांनी वाळू तीन पाण्यांनी धुतली, उन्हात पसरली, वरून सुकलेली दिसली तशी बादलीत भरली. तळाची ओल हाताला लागली होती. सकाळपर्यंत वाळेल, असं म्हणाले स्वतःशीच. पेटलेल्या मॅग्नेशियमला तेवढं पाणी पुरलं. त्यातला ऑक्सिजन त्याने ओढून घेतला, सुटलेला हायड्रोजन भडकला. ही अभिक्रिया बाईंनी किती वेळा फळ्यावर लिहिली होती, आणि किती वेळा मामांनीच पुसली होती.

"झालं का लिहून?"

"बाई, वाळू ओली होती."

"काय?"

"मी धुतली होती. तुम्ही साफ करा म्हणालात ना."

बाईंनी पट्ट्या बांधलेला चेहरा आवाजाच्या दिशेने वळवला.

"साफ म्हणजे चाळा, म्हणायचं होतं हो मला," त्या म्हणाल्या. जणू त्यांनीच माफी मागावी तसा आवाज. मग म्हणाल्या, "निवृत्तीला किती राहिले?"

"सात महिने."

"मग मी सांगितलं तेच लिहा. सात महिन्यांसाठी घरी बसू नका. मला काय, तसंही आता शिकवता येणार नाही."

मामांनी कागद उलटला. 'वाळू मी धुतली' इथून सुरुवात करून खाली स्वतःची सही केली, घडी घालून खिशात ठेवला.

"द्या, सही करते."

त्यांनी एक कोरा कागद वहीवर ठेवला, बाईंच्या बोटांत पेन दिलं आणि हात धरून कागदावर टेकवला. बाईंनी जपून, सावकाश सही केली. शेवटची दोन अक्षरं कागदावरून उतरून चादरीवर गेली.

"सरळ आली का, मामा?"

"हो," मामा म्हणाले. "अगदी सरळ."