मरून कापडाची माणसे

लागोसच्या देशांतर्गत टर्मिनलमधल्या त्या लाउंजमध्ये साठ खुर्च्या होत्या आणि सकाळी नऊ वाजता आत एकोणनव्वद माणसे होती. दारावरच्या इबिरोंकेने तीनदा मोजली. बाहेर सहाराकडून येणाऱ्या हारमाटन वाऱ्याच्या धुळीने आकाश पिठासारखे झाले होते आणि अकुरेला जाणारी दोन्ही विमाने जागची हलली नव्हती.

इबिरोंकेच्या फाइलमध्ये दोन लेखी ताकिदी होत्या. एक, लाउंजचे कार्ड असलेल्या प्रवाशाला दारातून परत पाठवल्याबद्दल. दुसरी, आत गर्दी होऊ दिल्याबद्दल. तिसरी मिळाली की नोकरी संपणार होती. दहा वाजता विमानतळाचा सुरक्षा निरीक्षक माणसे मोजायला येणार होता.

घोळ एका निरोपाने घातला होता. सुपरवायझर ओसारुग्वेने आदल्या दिवशी कळवले होते, 'चीफ अकिनबोये आईच्या दफनविधीला निघालेत. घरचे आठजण सोबत. अंगावर मरून कापड असेल. सोडायचं.' नावांची यादी नव्हती. दफनविधीला घरच्यांनी आणि पाहुण्यांनी एकाच कापडाचे कपडे घालायची रीत, त्यामुळे अशा वेळी कापड हीच यादी असते. पण चीफने ते कापड तीन महिन्यांपूर्वी, आई गेली तेव्हाच, बाजारात आणले होते आणि ओळखीच्या निम्म्या शहराने ते शिवून घेतले होते.

नवव्या पाहुणीला इबिरोंकेने विचारून पाहिले होते. ती सत्तरीची बाई होती, सगळे तिला मामा तेनिओला, म्हणजे तेनिओलाची आई, म्हणत.

"मम्मी, तुम्ही घरातल्याच का?"

"घरातली? अगं, चीफच्या आईनं मला न्हाऊ घातलंय. तुझ्या वहीत मावत नसेन, तर वही मोठी कर."

त्यानंतर इबिरोंकेने कोणालाच विचारले नाही. मरून कापडातली अठ्ठावन्न माणसे आत गेली.

एक बँकवाला कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर प्लेट ठेवून खात होता. तो दाराशी आला. "या खुर्चीसाठी माझी बँक वर्षभर पैसे भरते, सिस्टर. खुर्ची कुठाय?"

"ये, माझ्या मांडीवर बस," मामा तेनिओला आतून म्हणाली. सगळे हसले. बँकवाला सोडून.

इबिरोंकेने ओसारुग्वेला फोन लावला.

"मरून कापडवाल्यांना बाहेर काढ," तो म्हणाला.

"आठजण सोडून ना, सर? पण आठ कोणते?"

"ते तू बघ." फोन बंद झाला.

साडेनऊला चीफ अकिनबोये आले. मयताच्या मुलांचे कापड वेगळे असते, म्हणून ते पांढऱ्यात होते. सोबत कोणी नव्हते. त्यांनी कार्ड पुढे केले. इबिरोंके रीतीप्रमाणे गुडघ्यांवर बसली, आईसाठी दोन शब्द बोलली आणि उठली. ते आत गेले असते तर खुर्ची द्यायला पन्नासजण उठले असते. एक खुर्ची मिळाली असती, माणसे नव्वद झाली असती.

"चीफ, आत जागा नाही. बहुतेक सगळे तुमचेच आहेत," ती म्हणाली. "कोणाला उठवू, ते तुम्ही सांगा."

चीफने काचेतून पाहिले.

"कोणालाच नको. माझ्या आईसाठी आलेत ते."

"मग इथे टेका, सर." तिने स्वतःची खुर्ची उचलून दाराबाहेर भिंतीला लावली. चीफ बसले. कार्ड त्यांच्या हातातच राहिले.

ती आत गेली आणि मामा तेनिओलाच्या कानाशी वाकली. "मम्मी, चीफ बाहेर बसलेत. एकटेच."

म्हातारीने मोईमोईचा, वाफवलेल्या चवळीच्या वडीचा, घास खाली ठेवला.

"उठा रे! आई अजून मातीआड झाली नाही आणि मुलगा वॉचमनसारखा दारात बसलाय. तुम्ही इथे मोईमोई खाताय!"

ती आधी बाहेर गेली. मागोमाग दोघी, मग चौघे. प्रत्येकाने चीफसमोर वाकून दुःख व्यक्त केले. त्यानंतर त्यांच्या देखत परत आत जाऊन कोल्ड्रिंक पीत बसणे कोणालाच शक्य नव्हते. पंधरा मिनिटांत आत एकही मरून कापड उरले नाही. बँकवाल्याने एका खुर्चीवर स्वतः बसून दुसरीवर बॅग ठेवली.

निरीक्षकाने बरोबर दहाला मोजले. एकतीस. सही करताना त्याने बाहेर बोट दाखवले. "आणि हे?"

"ते लाउंजमध्ये नाहीत, सर."

तो गर्दीतून वाट काढत निघून गेला.

मामा तेनिओला जमिनीवर पाय पसरून बसली होती. तिने इबिरोंकेला जवळ बोलावले.

"मला कळलं तू काय केलंस ते."

इबिरोंकेने हातातली वही मिटली.

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही, मम्मी."

"बरं. आता पाणी आण. अठ्ठावन्न ग्लास."

आतले खाणेपिणे बाहेर न्यायला बंदी होती. इबिरोंकेने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिले, मग ट्रे उचलला. पाच खेपा झाल्या. सहाव्या खेपेचा पहिला ग्लास तिने चीफना दिला.

अकुरेच्या विमानाची घोषणा अकरा वीसला झाली. तोवर ती उभीच होती; तिच्या खुर्चीवर चीफ बसले होते.