वीतभर जागा

मित्रांनो, मी मोजमापाचा एक जुना टेप आहे. लांबी पाच मीटर, अंग पोलादाचं आणि राहायला पिवळी डबी. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यावरचा आकडा न आकडा काळाभोर होता. एका गवंडीबाबांनी मला विकत घेतलं आणि तीस वर्षं कमरेला बाळगलं. किती भिंती मोजल्या याची गणतीच नाही. एकदा परांचीवरून पडलो आणि आठ सेंटीमीटरपर्यंतचं माझं टोक तुटलं. दुसऱ्या कोणी मला फेकून दिलं असतं. बाबा म्हणाले, "टोक गेलं, अक्कल नाही गेली." तेव्हापासून ते दहाच्या रेघेपासून मोजायचे आणि आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे.

पुढे त्यांचे गुडघे गेले. ते घरी बसले आणि मी खणात, जुन्या किल्ल्यांच्या सोबतीला. जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधलेला हा माणूस स्वतः मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता.

त्यांची मुलगी इस्पितळात एक्स-रे काढायची. आठवड्याचे सहा दिवस उभ्याने काम आणि वर जादा पाळ्या. एखादी लहानशी जागा घेऊन भाड्याने द्यावी, म्हणजे पुढे तरी या पाळ्यांतून सुटका होईल, असं तिच्या मनाने घेतलं. मग ती शिकायला लागली. बसमध्ये उभ्या उभ्या फोनवर व्याख्यानं ऐकायची. जेवणाच्या सुट्टीत एका हातात डबा असायचा आणि दुसऱ्या हातात खरेदीखताचा नमुना. सोबतच्या नर्स तिला 'जमीनदारीणबाई' म्हणू लागल्या. रविवारी अंग मोडून आलेलं असायचं, तरी ती जागा बघायला जायची. बाबांना हे पटत नव्हतं. आपण घरं बांधणारी माणसं, त्यांचा बाजार करणारी नव्हे, एवढं म्हणून ते पेपरात डोकं घालायचे. तीही वाद घालत नसे. तेवढा वेळच कुठे होता?

एका सकाळी तिने खण उघडला आणि बाबांना न विचारता मला पिशवीत टाकलं. जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. रंग ताजा, किंमत आवाक्यातली. दलालाने घाई लावली होती. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, उद्याच इसाराची रक्कम द्या, असं तो सांगत होता. तिची पाळी तासाभरात सुरू होणार होती. बाबांना लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून तिने मला दहापासून धरलं. दोन्ही खोल्यांची लांबी भराभर मोजली, वहीत लिहिली. आकडे दलालाने दिलेल्या नकाशाशी तंतोतंत जुळले. तिचा चेहरा खुलला. मी मात्र आतल्या आत चुळबुळत राहिलो, कारण जुळले ते चुकीचे आकडे होते.

संध्याकाळी तिने वही बाबांपुढे ठेवली. पिशवीतून डोकावणारा मी त्यांना दिसलो. त्यांनी वहीतले आकडे बोटाने एकेक करून वाचले. मग त्यांनी विचारलं, "दहा वजा केलेस का?"

तिने वही पुन्हा आपल्याकडे ओढली. दोन खोल्या, दोन वेळा दहा.

"वीतभर जागा कमी भरतेय," बाबा म्हणाले. "ती कुठे गेली ते बघू. उद्या मला घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली. कठडा धरून एकेक पायरी चढत बाबा वर आले. दोन खोल्यांमधली भिंत नकाशापेक्षा वीतभर जास्त जाड निघाली. त्यांनी बोटाने टकटक केली, तर आवाज पोकळ. दलाल नको नको म्हणत असताना मुलीने दिव्याच्या बटणांची पट्टी उघडली आणि फोनच्या उजेडात आत पाहिलं. भिंत म्हणून ठोकलेल्या रंगवलेल्या फळीमागे इमारतीचा खांब होता. त्याचं सिमेंट ढासळलेलं, आतल्या सळया गंजून फुगलेल्या.

"रोज माणसांची हाडं बघते मी, बाबा," ती हळूच म्हणाली, "आणि घर मात्र रंगावर घ्यायला निघाले होते."

जागा नको तर नको, पण याची वाच्यता करू नका, असं दलालाने बजावलं. ती घुटमळली. नोकरी सांभाळून दुसऱ्यांची लचांडं कोण गळ्यात घेणार? निर्णय बाबांनी तिच्यावरच सोडला. ते जिना उतरू लागले. तळमजल्यावर शिवणयंत्राचा आवाज येत होता. शेजारी पाळणा हलत होता. तिने ते दार ठोठावलं आणि शिवणकाम करणाऱ्या बाईला सगळं सांगितलं.

आठवड्याभरात इंजिनिअर आला. खांबाला टेकू लागले, वरचे मजले दुरुस्तीपुरते रिकामे झाले. याची किंमत मुलीनेही मोजली. दलालांमध्ये बोभाटा झाला आणि तिचा फोन कोणी उचलेना. वर्ष असंच गेलं. ती शिकत राहिली, पण आता रविवारी बाबा सोबत बसून भिंतींविषयी सांगायचे. शेवटी त्या शिवणकामवाल्या बाईनेच आपल्या मावशीची एक खोली सुचवली. लहान, पण खणखणीत.

खरेदी झाली त्या दिवशी बाबांनी तिथली एक भिंत मोजली. मग पुन्हा मोजली. आकडा चुकला नव्हता. लेकीची भिंत होती, म्हणून.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. मला ओला ठेवू नका, फडक्याने पुसा. मोजून झालं की सटकन सोडू नका, बोटाने धरून सावकाश आत येऊ द्या. आणि खणात असलो, तर अधूनमधून बाहेर काढत जा. मला अजून मोजता येतं.