स्टिकरखालची फट

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. जुनी म्हणजे वयाने नव्हे हो, वय माझं जेमतेम दोन वर्षं. पण वर्कशॉपच्या भंगारात नेऊन टेकवलं की कुणीही जुनंच होतं.

माझा जन्म वाळूचा. वाळू भट्टीत वितळवून दोन पातळ काचा केल्या आणि मधे चिवट पडदा चिकटवला, म्हणजे फुटले तरी तुकडे कुणाच्या अंगावर उडू नयेत. मग मला एका पांढऱ्या एसयूव्हीला पुढे बसवलं. माझ्या आतल्या बाजूला वर एक कॅमेरा लावला. तो माझ्यातून रस्ता बघायचा आणि पुढची गाडी फार जवळ आली की इशारा द्यायचा. त्यामुळे मला जरा गर्व चढला होता, खोटं कशाला बोलू?

गाडी गोकुळची. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. घरात त्याचे वडील काकासाहेब आणि मुलगी सायली. सायली रोज शेअर रिक्षात अंग चोरून शहरातल्या कॉलेजला जायची. दसऱ्याला तिला सेकंडहँड का होईना, स्कूटी घ्यायची असं ठरलं होतं. पंचेचाळीस हजार बाजूला ठेवले होते. पोरगी नुसती दिवस मोजत होती.

मार्चमधे गोकुळने गाडी एका खडीच्या डंपरच्या मागे अगदी चिकटवली. "डंपरच्या मागं लागू नको रं," असं काकासाहेब हजारदा बजावायचे. नेमके त्या दिवशी ते गाडीत नव्हते. खडा उडाला आणि टक्कन माझा हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका गेला.

सायलीने दुसऱ्याच दिवशी चौकशी केली. "पप्पा, उस्मानपुऱ्यात एक जण भरून देतो. आठशे रुपये, अर्धा तास."

"बघू गं. पगार होऊ दे."

पगार झाला. पण टवका भरला तरी बारीक डाग राहणार आणि वडिलांना तो दिसला तर बोलणी बसतील, याची त्याला भारी धास्ती. मग या बाबाने काय करावं? 'काकासाहेबांची कृपा' असा स्टिकर करून आणला आणि बरोबर टवक्यावर चिकटवला!

काकासाहेब काय खूश झाले म्हणून सांगू! पिशोरहून पाहुणे आले, त्यांना हाताला धरून स्टिकर दाखवला. येता-जाता रुमालाने पुसायचे. आता टवका भरायचा तर स्टिकर काढावा लागणार, आणि काढला तर म्हाताऱ्याला सांगणार काय? सायली आणखी एकदा म्हणाली, मग तिनेही विषय सोडला. इकडे उन्हाने मी पसरायची, एसीने आकसायची आणि स्टिकरखाली टवक्यापासून निघालेली फट कणाकणाने पुढे सरकायची. माझा जीव नुसता टांगणीला. सांगणार कशी?

दसरा उजाडला. पूजेआधी गाडी धुवायची होती. दुपारपर्यंत मी उन्हात चटका बसेल इतकी तापले होते. काकासाहेबांनी हौसेने बोअरचा पाइप हातात घेतला. नका हो, नका! मी मनातल्या मनात आकांत केला. गार पाण्याची धार पडली आणि मी या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकले. सायली झेंडूचा हार घेऊन जागच्या जागी उभी राहिली.

"माझ्या हातनं झालं रं, गोकुळ. सणाच्या दिवशी!" काकासाहेबांनी पाइप खाली टाकला.

गोकुळने जाऊन बोअरची मोटर बंद केली. खरं काय ते त्याने तेव्हाही सांगितलं नाही. मला त्याचा फार राग आला.

वर्कशॉपवाल्याने काच, कॅमेऱ्याची जुळणी, मजुरी आणि कर धरून बावन्न हजार सांगितले. सायलीने हळूच विचारलं, "साधी काच नाही चालणार?" तो म्हणाला, "कॅमेरा नीट चालणार नाही, ताई." राहता राहिला विमा. विम्याचा माणूस आला, त्याने नखाने स्टिकर सोलला. "ही जुनी फट आहे, साहेब. आत मळ बसलाय. झाकून ठेवली होती. क्लेम मिळायचा नाही."

काकासाहेब शेजारीच उभे होते.

"माझ्या नावाखाली लपवलं व्हय रं?" ते म्हणाले. "चार दिस मला घास गेला नाय. मीच पोरीची स्कूटी घालवली, असं वाटत ऱ्हायलं."

सायलीने आजोबांचा हात धरला. "जाऊ द्या आजोबा. मी जाईन रिक्षानं."

स्कूटीचे पंचेचाळीस हजार नव्या काचेला गेले. माझ्या कडेचा गोंद तारेने कापून मला काढलं आणि जालना रोडच्या कडेला, वर्कशॉपच्या भंगारात उभं केलं. आज सकाळी समोर एक शेअर रिक्षा थांबली. सायली अगदी कडेला बसली होती, मांडीवर बॅग, एक पाय बाहेर. मागून डंपर आला आणि तिच्या पायापासून जेमतेम वीतभर अंतराने निघून गेला. पाय आत घे, अशी मी तिला हाकसुद्धा मारू शकले नाही.

मित्रांनो, चूक झाली तर ती झाकू नका, त्याच दिवशी सांगून टाका. आणि मोठ्यांनी दोनदा ऐकलं नाही, तर तिसऱ्यांदा सांगा, चौथ्यांदाही सांगा. तुम्हाला बोलता येतं.