आबांनी भरीत सोडलं

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे, डाव्या पायाची. जुनी वयानं बरं का! तळ अजून धड आहे, कारण निम्मं आयुष्य मी खाटेखाली पडून काढलं. उजवी बिचारी पार झिजली.

दोंडाईच्याच्या बाजारात देवचंद आबांनी आम्हाला घेतलं, तेव्हा त्यांची चाल बघण्यासारखी होती. पुढे त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात गाऊट हा सांधेदुखीचा आजार शिरला. तो उठला की अंगठा लाल होऊन सुजतो, साधी चादर लागली तरी आबा कळवळतात. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोकडाची वजडी-कलेजी नको, बिअर नको, बाटलीतली गोड थंड पेयं नकोत, पाणी भरपूर प्या, गोळी मनानं बंद करू नका.

आणि आबांनी काय सोडलं? वांग्याचं भरीत! डॉक्टरांनी त्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. पण वांगं वातूळ, असं कुणीतरी पारावर सांगितलं. खानदेशी माणसानं भरीत सोडलं म्हणजे केवढा त्याग! मग बाकीचं सगळं आबांनी स्वतःला माफ करून टाकलं. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणीही प्यायचे नाहीत.

"गोळी लिधी का?" त्यांच्या बायको मंदाबाई रोज विचारायच्या.

"दुखत नई, ते गोळी कशाले?"

काय बोलावं या माणसाला!

मग त्यांच्या वृषालीचं लग्न ठरलं, मुक्ताईनगरच्या मुलाशी. लेकीला गाडीपर्यंत आपण चालत पोचवायचं, एवढीच आबांची हौस होती. आदल्या दिवशी दोस्तांनी शेतात भरीत पार्टी ठेवली. छगनभाऊ मोठ्या प्रेमानं म्हणाले, "भाऊले भरीत चालत नई, त्याकरता खास वजडी शे." सोबत बिअरही होती. मी बांधावर पडून नुसती चरफडत होते.

लग्नाच्या सकाळी अंगठा टम्म फुगला. पाय माझ्यात शिरेना. आबा दिवसभर मांडवात खुर्चीवर बसून राहिले, मी खुर्चीखाली.

निघताना वृषाली पाया पडायला वाकली. आबांनी पाय झटकन मागे ओढला.

"पायले हात लावू नको, बेटा," ते म्हणाले आणि रडायला लागले.

पोरीचा हात तसाच थांबला. मग तिनं तो माझ्यावर टेकवला, कपाळाला लावला आणि आबांशिवायच गाडीकडे गेली.

मित्रांनो, तुमच्या घरी असे कुणी आबा असतील तर त्यांना डॉक्टरांचं ऐकायला सांगा. मी चप्पल आहे. लेकीला आशीर्वाद मी कुठून देऊ?